सेन्सर नवा, तक्रार जुनी

सोलापूरहून सिमेंट भरून निघालेला दहाचाकी ट्रक तुळजापूरचा घाट चढू लागतो. निम्म्या चढावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीचा जोरच जातो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवतो, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने सरकते. "मालक, गाडी चढाला दमच धरंना," असा फोन धाराशिवला येतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड निघतो, पी ०२३७. स्कॅनरवर सेन्सरचे नावही दिसते: टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा. सेन्सर बदलतात, कोड पुसतात, दिवा विझतो. सपाट रस्त्यावर गाडी दोन दिवस छान पळते. पुढची भरलेली खेप आली की त्याच घाटात दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर येतो, वेगळ्या कंपनीचा. तरीही तेच. शेवटी कोणीतरी म्हणते, "ईसीयूच गेलाय," आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

हा प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे. पण ज्याच्या दारात सात-आठ वर्षांचा ट्रक उभा आहे त्याला तो ओळखीचा वाटेल. कोड सेन्सरचा, सेन्सर नवा, मग तक्रार जुनीच कशी? याचे उत्तर समजले तर पैसे वाचतात, खेप बुडत नाही आणि घाटात जीव टांगणीला लागत नाही. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद नोंदवली गेली की तपास सुरू होतो, संपत नाही.

लोखंडी पंपापासून संगणकापर्यंत

पूर्वीच्या ट्रकांत डिझेल किती सोडायचे हे पंपातले स्प्रिंग, वजने आणि दांडे ठरवत. मिस्त्री कानाने ऐकून, धुराचा रंग पाहून दोष सांगत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा प्रदूषणाचा निकष लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी आदेश देऊन १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्रीही थांबवली. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आला. या मधल्या तीन वर्षांत घेतलेले ट्रक आज 'जुने' झाले आहेत. त्यांचे इंजिन अजून दमदार आहे. पण वायरी, कपलर आणि अर्थच्या पट्ट्या धूळ, चिखल आणि उन्हाने थकू लागल्या आहेत.

या गाड्यांत डिझेलचा हिशेब ईसीयू ठेवतो. ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. कॉमन रेल ही त्याची डिझेल देण्याची पद्धत शेतकऱ्याला चटकन समजेल, कारण ती ठिबकसारखी आहे. मुख्य नळीत सतत दाब धरून ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी हवे तेव्हा, हवे तेवढेच सोडायचे. फरक दाबाचा. ठिबकच्या नळीत साधारण एक-दीड बार दाब असतो, ट्रकच्या टायरात आठेक बार. कॉमन रेलमध्ये तो १६०० बारपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. म्हणून चालू इंजिनात डिझेलच्या जाड लोखंडी नळ्यांचे नट कधीही सैल करायचे नाहीत. हा तपास स्कॅनर, मीटर आणि डोळे यांनीच करायचा असतो.

सेन्सर बोलतो तरी कसा

ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, पण सेन्सरांचा कारभार चालतो ५ व्होल्टवर. दाब मोजणाऱ्या सेन्सरला बहुधा तीन मुख्य वायरी असतात. एकीने ईसीयू ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी अर्थ आणि तिसरीने सेन्सर आपला निरोप परत पाठवतो. निरोप म्हणजे व्होल्टेजच. दाब कमी असेल तर सुमारे अर्धा व्होल्ट, दाब वाढेल तसे एक, दोन, तीन आणि जास्तीत जास्त साडेचारच्या आसपास.

मग पूर्ण शून्य ते पाच का वापरत नाहीत? गावातल्या रखवालदाराचे उदाहरण घ्या. तो दर तासाला "सब ठीक" अशी आरोळी देतो. चोर आला तर वेगळी आरोळी. आवाजच आला नाही, तर मात्र रखवालदाराचेच काहीतरी बिघडले असे गाव समजते. सेन्सरचेही तसेच. अर्धा ते साडेचार व्होल्ट ही त्याच्या बोलण्याची हद्द. निरोप पार शून्याजवळ गेला किंवा पाचाला जाऊन टेकला, की ईसीयू समजतो की ही दाबाची बातमी नाही, वायरीत किंवा सेन्सरमध्ये बिघाड आहे. तो कोड नोंदवतो आणि खबरदारी म्हणून ताकद कमी करतो. हवा किती येते हे माहीत नसताना पूर्ण डिझेल सोडले तर काळा धूर होईल आणि इंजिन तापेल. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस पाय जपून टाकतो, तसा ईसीयू गाडी हळू नेतो. यालाच गॅरेजमध्ये "गाडी लिम्पमध्ये गेली" म्हणतात.

कोड नीट वाचला तर अर्धा तपास होतो

पी ०२३७ हा नंबर फोडून वाचू. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचे शून्य सांगते की हा कोड सगळ्या कंपन्यांसाठी एकच आहे. 'दोन' म्हणजे डिझेल आणि हवेच्या पुरवठ्याचे खाते. शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. काही अवजड गाड्यांत याऐवजी एसपीएन आणि एफएमआय अशी जोडी दिसते. एसपीएन सांगतो कोणाबद्दल, एफएमआय सांगतो काय झाले. एसपीएन १०२ म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी.

एकाच सेन्सरभोवती तीन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात, आणि गफलत बहुतेक वेळा इथेच होते.

पहिली, निरोपच तुटला. पी ०२३७ म्हणजे व्होल्टेज फार खाली गेले, पी ०२३८ म्हणजे फार वर गेले. संशय वायर, कपलर आणि सेन्सर यांच्यावर.

दुसरी, निरोप येतो पण पटत नाही. पी ०२३६ या जातीचा. व्होल्टेज हद्दीत आहे, पण इंजिनाच्या बाकीच्या माहितीशी जुळत नाही.

तिसरी, निरोप खरा आहे आणि बातमी वाईट आहे. पी ०२९९ म्हणजे टर्बोची हवा खरोखरच कमी पडते. अशा वेळी इंटरकूलरचा फाटलेला होज पाइप, सैल क्लिप, धुळीने कोंदलेला एअर फिल्टर किंवा खुद्द टर्बो पाहायचा. इथे सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडणे.

आपल्या ट्रकचा कोड पहिल्या प्रकारचा आहे. म्हणून टर्बो खोलण्याची गरज नाही. पण सेन्सर दोषी ठरलेला नाही, हेही तितकेच खरे. सेन्सरपासून ईसीयूपर्यंत वायर, कपलर आणि पिना आहेत. त्यातला कोणताही दुवा निखळला तरी ईसीयूला ऐकू येणारा निरोप सारखाच बिघडतो.

एका डीपीवरच्या मोटारी

पाच व्होल्टचा पुरवठा अनेकदा दोन-तीन सेन्सरांना एकत्र असतो. शिवारात एका डीपीवर दहा शेतकऱ्यांच्या मोटारी चालतात. एकाच्या केबलला शॉर्ट झाला की डीपीचा फ्यूज उडतो आणि दहाही मोटारी बंद पडतात. प्रत्येकाने आपापली मोटार वर काढून रिवाइंडिंगला नेली तर हाती काय लागणार? ट्रकमध्येही एका सेन्सरने किंवा एका वायरीने पाच व्होल्ट जमिनीला टेकवले की शेजारचे निर्दोष सेन्सरही गप्प होतात आणि एकाच वेळी तीन-चार कोड येतात.

म्हणून कोड किती आहेत हा मोठा धागा आहे. अनेक कोड एकदम आले तर आधी सामाईक पुरवठा आणि सामाईक अर्थ तपासायचा. त्यासाठी इग्निशन बंद करून सेन्सरचे कपलर एकेक काढायचे आणि प्रत्येक वेळी इग्निशन चालू करून पाच व्होल्ट परत आले का पाहायचे. ज्याचा कपलर काढताच पुरवठा परत येतो, त्याच फांदीवर शॉर्ट आहे. आपल्या ट्रकमध्ये मात्र कोड एकच आहे. म्हणजे पुरवठा शाबूत असण्याची शक्यता जास्त, आणि संशय निरोपाच्या वायरीवर सरकतो.

रिकामी बादली, भरलेली बादली

"वायर चेक केली, मीटर बीप देतो," असे सांगून अनेकदा तपास थांबवला जातो. विहिरीवरचा झिजलेला दोर आठवा. एकच पीळ उरला असला तरी रिकामी बादली वर येते. भरलेली बादली ओढली की दोर तुटतो. वायर आतून बारीक तारांच्या जुडग्याची असते. त्यातली एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, कारण मीटरचा प्रवाह रिकाम्या बादलीइतका हलका. स्टार्टर, हेडलाइट आणि ईसीयूच्या मुख्य पुरवठ्याच्या जाड वायरी म्हणून चालू कामातच तपासायच्या असतात.

या तपासाला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि तोही शेतातलाच अनुभव आहे. लांबच्या विहिरीवरची मोटार गुणगुणते पण पाणी उचलत नाही, कारण लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज मुरते. ट्रकमध्ये गंजलेला अर्थ तेच करतो. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचे. अर्थ चांगला असेल तर मीटर व्होल्टच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर अर्थची पट्टी सोडवून, गंज खरवडून, घट्ट आवळल्याशिवाय पुढे जायचे नाही.

सेन्सरच्या स्वतःच्या अर्थ पिनेवर हिरवट गंज चढला तरी आकडे फसवे होतात. त्या अडथळ्यावर थोडे व्होल्टेज साचते आणि निरोपात मिसळते. दाब वाढला नसताना वाढल्यासारखा दिसतो. जमीन वर उचलली गेली की पट्टीने मोजलेली प्रत्येक उंची चुकते, तसेच हे.

धाराशिवची हवा हेच फुकटचे मोजमाप

दाबाचा सेन्सर खरे बोलतो का, हे पाहायला एक बिनखर्चाची युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करायचे. टर्बो फिरत नसल्यामुळे आत बाहेरच्याइतकीच हवा असते. मग सेन्सरनेही बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा.

तो किती? समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. जितके उंच जावे तितका डोक्यावरचा हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथे तो सुमारे ९४ किलोपास्कल भरतो, सोलापुरात ९६ च्या आसपास. स्कॅनर बारमध्ये दाखवत असेल तर ०.९४ आणि ०.९६ वाचायचे. गाडीत बाहेरच्या हवेचा वेगळा सेन्सर असेल तर तोही शेजारी दाखवून ताडून पाहता येते. धाराशिवात उभ्या गाडीचा सेन्सर ९३ ते ९५ दाखवत असेल तर त्या क्षणी तरी सेन्सर, वायर आणि ईसीयू एकमेकांशी खरे बोलत आहेत. तो साठ किंवा एकशेवीस दाखवत असेल तर उभ्या उभ्याच दोष हाती लागला. अडचण एवढीच की आपला ट्रक उभा असताना ९४ च दाखवतो. दोष घाटातच येतो.

घाटातच का?

'कुठे आणि कधी' हा प्रश्न 'कोणता सेन्सर' या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचा फोटोही काढून ठेवतो. स्कॅनरवर तो 'फ्रीझ फ्रेम' या नावाने दिसतो. इंजिनाचे फेरे किती, वेग किती, लोड किती, पाणी किती तापले होते, हे सगळे त्यात असते. घाईने कोड पुसला की फोटोही जातो. पंचनाम्याआधीच जागा झाडून काढण्यासारखे ते आहे. म्हणून पुसण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्यायचा.

समजा, त्या फोटोत दिसते की कोड प्रत्येक वेळी कमी वेगात, भरपूर लोडवर आला. चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिन जोर लावते आणि आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलते. जड पोते उचलताना माणूस वाकतो तसे. इंजिन कलले की त्याच्यावरून चॅसीकडे जाणारी वायरिंगची जुडी ताणली जाते. तिची एखादी क्लिप तुटली असेल तर वायर लोखंडी ब्रॅकेटच्या धारेवर रोज थोडी थोडी घासते. एक दिवस आवरण फाटते. सपाटीवर वायर ब्रॅकेटपासून केसभर दूर असते. घाटात ती ब्रॅकेटला टेकते, निरोप जमिनीत जातो आणि व्होल्टेज शून्यावर येते. पी ०२३७ नेमके हेच सांगत होता.

रिकाम्या गाडीला दिवा का लागत नव्हता, सेन्सर बदलून फायदा का झाला नाही आणि 'व्होल्टेज कमी' असाच कोड का, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर जुळते. सगळ्या खुणा एका धाग्यात ओवल्या गेल्या, की तपास बरोबर वाटेवर आहे असे समजावे.

हे गॅरेजमध्ये सिद्ध करता येते. स्कॅनरवर दाबाचा चालू आकडा लावून ठेवायचा आणि दुसऱ्याने वायरिंगची जुडी वीतभर वीतभर अंतराने हलवत, वाकवत जायचे. ज्या जागी हात लागताच ९४ चा आकडा कोसळतो, ती जागा उघडायची. आवरण फाटलेली वायर सापडली की तिचा जोड सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची किंवा तो तुकडाच बदलायचा. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर मे महिन्यात तिचा गोंद पाघळतो. शेवटी जुडी ब्रॅकेटपासून दूर बांधायची. हे विसरले तर सहा महिन्यांनी तीच वायर तिथेच घासते.

मे महिन्यात उणे चाळीस

सेन्सर आणि वायर यांच्यात दोषी कोण, हे ठरवण्याची आणखी एक युक्ती पाण्याच्या तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरवर छान दिसते. हा सेन्सर थंड असताना विजेला खूप अडवतो, तापल्यावर कमी. त्याचा कपलर काढला तर वाट पूर्ण बंद. ईसीयूला वाटते, कमालीची थंडी आहे. मग धाराशिवच्या भर उन्हाळ्यात स्कॅनर उणे चाळीस अंश दाखवू शकतो. आता कपलरच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडल्या की आकडा उलट टोकाला, उकळत्या पाण्याच्याही वर जातो.

दोन्ही टोके दिसली, तर ईसीयू आणि वायर दोन्ही चांगले आहेत, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही, तर दोष वायरीत किंवा ईसीयूच्या बाजूला आहे, आणि नुसता सेन्सर बदलून तो जाणार नाही. तीन वायरींच्या सेन्सरवर मात्र अंदाजाने पिना जोडायच्या नाहीत. आधी त्या गाडीचा सर्किट डायग्राम पाहायचा. आणि २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पाच व्होल्टच्या वायरींना कधीही लावायचा नाही. एका चुकीने ईसीयू खरोखरच जाऊ शकतो.

जुन्या ट्रकचे नेहमीचे संशयित

काळ्या मातीचा चिखल वायरिंगवर सुकतो आणि ओलावा धरून ठेवतो. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुताना कपलरमध्ये पाणी शिरते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. जादा लाइट, हॉर्न आणि टेपसाठी मूळ वायरीला टोचून कनेक्शन घेतले जाते. आणि उसाच्या हंगामाआधी बॉडीला वेल्डिंग होते. वेल्डिंगचा प्रवाह परतताना सापडेल ती वाट धरतो आणि ती वाट ईसीयूमधूनही जाऊ शकते. त्यामुळे वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे कपलर सोडवायचे आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावायचा.

> चौकट : सेन्सर विकत घेण्याआधी
>
> १. कोड पुसू नका. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या.
>
> २. कोड एक की अनेक? अनेक असतील तर सामाईक पाच व्होल्ट आणि अर्थ आधी पाहा.
>
> ३. तक्रार कोणती? निरोप तुटला, पटत नाही, की बातमीच खरी आहे?
>
> ४. इंजिन बंद, इग्निशन चालू. दाबाचा आकडा गावाच्या हवेशी जुळतो का?
>
> ५. कपलर उघडा. हिरवट गंज, ऑइल, आत सरकलेली पिन शोधा.
>
> ६. पुरवठा, अर्थ आणि निरोप मीटरने मोजा. जाड वायरी चालू कामात तपासा.
>
> ७. चालू आकड्यावर नजर ठेवून वायरिंग हलवून पाहा.
>
> ८. एवढे करून वायर निर्दोष ठरली, तरच सेन्सर बदला.
>
> ९. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तेवढाच लोड घेऊन गाडी चालवून बघा.

दिवा विझला म्हणजे दोष गेला?

दिवा दोन प्रकारे विझतो. स्कॅनरने पुसला म्हणून, किंवा ईसीयूची स्वतःची खात्री पटली म्हणून. दोष पुन्हा दिसला नाही तर सर्वसाधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांनंतर ईसीयू दिवा आपणहून विझवतो, पण कोड आठवणीत काही काळ ठेवतो. म्हणूनच सपाटीवर चाललेल्या गाडीचा दिवा जातो आणि दोष तिथेच राहतो. दोन नव्या सेन्सरांनी 'काम केले' असे वाटले, ते कोड पुसला गेल्यामुळे आणि सपाटीवर दोष न दिसल्यामुळे.

म्हणून दुरुस्तीची परीक्षा गॅरेजच्या दारात होत नाही. ज्या घाटात गाडी दमली, त्याच घाटात, तेवढेच सिमेंट भरून, स्कॅनर लावून ती चढवायची. इंजिन कलेल, जुडी ताणली जाईल आणि दाबाचा आकडा न कोसळता चढत्या जोराबरोबर वाढत राहील. तेव्हाच बिल फाडावे.

ट्रकच्या कागदपत्रांच्या पिशवीत एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, कोणत्या किलोमीटरवर, कुठे, किती लोडवर कोणता कोड आला आणि काय केले, हे ड्रायव्हरने दोन ओळींत लिहावे. गाडी रोज तिला हाताळणाऱ्या माणसाशी आधी बोलते, स्कॅनरशी नंतर. "घाटातच होतंय, रिकामी असली की होत नाही," हे ड्रायव्हरचे वाक्य पहिल्याच दिवशी कोणी लिहून घेतले असते, तर ते दोन सेन्सर विकत घ्यावेच लागले नसते.